आधी बोर्ड, मग गुडघा

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, आणि स्वभावानं जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला नावं ठेवायला तुम्ही मोकळे. तुमच्या शाळेच्या वहीतली छत्री, घड्याळ, म्हातारं झाड ही मंडळी आपली गोष्ट सांगताना किती गुणी असतात! उन्हात तापतात, पावसात भिजतात, आणि वरून आभार मानतात. मला ते जमत नाही. मी एका पोलादी गुडघ्यावर जळले, ॲल्युमिनियमच्या एका चारपायीवर जळले, आणि सगळ्यात जास्त जळले ती एका बाईच्या खांद्यावर.

माझा जन्म धावड्याच्या लाकडाचा. आमच्या तांड्यामागच्या टेकाडावर मी मुळाशी वाकडी होऊन वाढत होते. भाऊसिंग राठोडनं मला नेमकी त्या वाकडेपणासाठी तोडली. आयती मूठ मिळाली ना! त्यानं मला गरम राखेत घातलं, दगडाखाली दाबून सरळ केलं, जवसाचं तेल पाजलं. मग शेलूबाजारच्या लोहाराकडून पायात लोखंडी शेंबी ठोकून आणली. हे सगळं त्यानं धाकट्या भावासाठी केलं. धाकटा भाऊ म्हणजे हवालदार हेमसिंग. तो फौजेतून कायमचा घरी येत होता, डावा गुडघा बर्फात मोडून.

मोडून म्हणजे कसा, ते ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. हेमसिंग सीमेवर गस्तीला होता. पाठीवर ओझं, पायाखाली बर्फ. घसरला आणि ओझ्यासकट डाव्या गुडघ्यावर पडला. पण त्यानं कोणाला सांगितलं नाही. फौजेत दुखणं सांगितलं की जवानाची वर्गवारी उतरते, बढती अडते, आणि जोडीदार कीव करतात. म्हणून हा पठ्ठ्या दात चावून परेडला उभा राहायचा. साहेबानं विचारलं की छाती काढून ओरडायचा, "फिट, सर!" गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि विजार वर सरकेना, तेव्हा कुठं बिंग फुटलं. मग डॉक्टरांचा बोर्ड बसला, गुडघा नोकरीत गेला असं त्यांनी मान्य केलं आणि अपंगत्वाची पेन्शन बांधून दिली.

तो घरी आला त्या दिवशी भाऊसिंगनं मला त्याच्या पुढं धरली. तो मागं सरकला.

"मी काय म्हतारा झालो काय, भाऊ?"

"म्हतारा नाई झाला, लंगडा झाला. घे."

(घरात ही माणसं गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलतात. तुम्हाला कळावं म्हणून मी वऱ्हाडीत सांगते आहे.)

त्यानं मला घेतलं. त्याच्या उजव्या हाताचा तळवा माझ्या मुठीवर बसला आणि मला वाटलं, आपण याच हातासाठी टेकाडावर वाकडे झालो होतो. माझं सुख तेवढंच. ते मला पुरलं असतं, जर वाटेत ओढा नसता.

तांड्यातून शेतावर जाताना ओढा लागतो. उतार मोठा नाही, पण दगड शेवाळलेले. तिथं आलं की हेमसिंग थांबायचा. उजवा हात माझ्यावर असायचाच. डावा हात तो बाजूला नुसता लांब करायचा, आणि त्या हाताखाली ललिताबाईचा खांदा आलेला असायचा. ललिताबाई म्हणजे त्याची बायको. डोक्यावर टोपलं, एक हात टोपल्याला, आणि दुसऱ्या बाजूचा खांदा नवऱ्याच्या हाताखाली. तो बोलवायचा नाही, तिनंही कधी विचारलं नाही. मी खाली दगडात शेंबी रोवून सगळा भार पेलायची, आणि तो मात्र ओढा उतरला की तिच्याकडं बघून हसायचा. माझ्याकडं बघून कोण हसतं?

मी म्हणायची, ही बाई मुद्दाम ओढ्याच्या वाटेनं नेते. पुलाकडून गेलं तर काय बिघडतं? पुलाकडून फेरा पडतो आणि डोक्यावर टोपलं आहे, हे मला दिसत होतं. पण जळणाऱ्याला जे दिसतं ते तो थोडाच मोजतो.

पुढं काय झालं, तर डाव्या गुडघ्याला जपता जपता हेमसिंगच्या शरीराचा सगळा भार उजव्यावर जायला लागला. वर्षानुवर्षं गेला. बैलगाडीचं एक चाक वाकडं असलं की दुसरं झिजतं ना, तसं. उजवा गुडघा आधी कुरकुरला, मग सुजला, मग उठता बसता आवाज करायला लागला. तो आवाज मला मुठीपर्यंत ऐकू यायचा.

चावडीवर माणसं बसलेली असायची. माणसं म्हणजे रिकामटेकडी तोंडं. एकानं म्हटलं, "डावा गेला तं फौजेचा. उजवा कायचा गेला मंग? बसून बसून गेला!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "पेन्शन खाऊन जड झाला असन हवालदार."  हेमसिंगच्या बोटांनी माझी मूठ अशी आवळली की माझ्या अंगात कळ गेली. त्या दिवशी मला कळलं की या माणसाला गुडघ्यापेक्षा ते हसणं जास्त दुखतं.

मग आम्ही मोठ्या गावच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरनं उजव्या गुडघ्याचा एक्सरे उजेडावर धरला, मान हलवली, आणि टेबलाच्या खणातून एक चकाकतं पोलादी बोंडूक काढून हेमसिंगच्या तळहातावर ठेवलं.

"हा नवा गुडघा. जुना काढायचा, हा बसवायचा."

हेमसिंग त्या बोंडकाकडं असा बघत होता, जसं कोणी बाळाकडं बघतं. मी खुर्चीच्या पाठीला लटकलेली. त्यानं विचारलं, "अन् काठी?"

"काठी फेकून द्या, काका," डॉक्टर हसत म्हणाला. "मस्त चालाल!"

फेकून द्या. मित्रांनो, तुम्ही जेव्हा जुनी वस्तू फेकता, तेव्हा ती तुमचं बोलणं ऐकत असते. मी ऐकलं. त्या चकचकीत बोंडकाला ना ऊन माहीत, ना चिखल, ना ओढा. एक पाऊल चाललेलं नव्हतं ते. आणि त्याच्यासाठी म्हणे हाड कापून जागा करणार!

ऑपरेशनची तारीख मिळाली ती पोळ्याच्या आधीची. ती ऐकून मोठी पोरगी चंदा मंगरूळपीरहून येताना जीपच्या टपावर बांधून एक चारपायी घेऊन आली. वॉकर म्हणतात त्याला. ऑपरेशननंतर चालायला लागतो. ॲल्युमिनियमचे चार पाय, प्रत्येक पायात रबरी बूट, आणि सगळ्या अंगाला प्लास्टिक. कोपऱ्यात माझ्या शेजारीच उभा केला. सवत नांदायला यावी तसा. ललिताबाईनं दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर ओला टॉवेल वाळत टाकला, तेव्हा माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला.

पण खरा थंडावा दिला तो राजपालनं. राजपाल म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार, राहणार अनसिंगचा. आपल्याला सगळं कळतं असा त्याचा थाट, आणि आवाज असा की बोलला तर जनावरं मान वर करतात. शेलूबाजारच्या बाजारात हेमसिंगला भेटला.

"दुसऱ्या गुडघ्याच्या पेन्शनचा क्लेम टाकला का नाई?"

"टाकला. डाव्यामुळंच उजवा गेला, असं डॉक्टरचं लेखीबी जोडलं. बोर्डाचं बोलावणं यायचं हाय."

"अन् ऑपरेशन?"

"पोळ्याच्या आधी."

राजपालनं कपाळावर हात मारला. "अबे, अक्कल गहाण ठेवली काय? नवा गुडघा बसवून तू बोर्डापुढं टकाटक चालत जाशीन, तं ते म्हनतीन, शाबास जवान, घर जाओ! खराब गुडघा त्यायच्या डोयानं दिसला पायजे. आधी बोर्ड, मंग गुडघा. तारीख पुढं ढकल."

"अन् तवरोक?"

"तवरोक दात खाय. फौजी हायेस का कोन हायेस?"

मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. तारीख पुढं! म्हणजे बोंडूक खणातच, चारपायी प्लास्टिकातच, आणि तळवा माझ्या मुठीवर.

घरी मात्र भांडण झालं. ललिताबाई भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि हात थांबवला.

"कागदासाठी पाय सडवता काय?"

"कागदासाठी नाई व ललिता. त्यायनं एकदा म्हटलं पायजे का हा गुडघाबी फौजेतच गेला. मी आळशी नाई, हे कोनीतरी शिक्का मारून सांगितलं पायजे. मंग चावडीवरची तोंडं बंद होतीन."

"अन् चावडीच्या तोंडासाठी मी सोयाबीन एकटी सोंगू?"

यावर तो गप्प बसला. गप्प बसणं हे नवऱ्यांना फार सोयीचं असतं. भाकरी तव्यावर पडली आणि विषय मिटला. म्हणजे त्याच्यापुरता मिटला. सोयाबीन सोंगायचं, म्हणजे विळ्यानं कापायचं, होतंच.

पोळा गेला. बोर्डाचं बोलावणं नाही. दसरा आला, सोयाबीन वाळून तडतडायला लागलं. हेमसिंग बांधावर माझ्या आधारानं उभा राहून "इकडली ओळ राह्यली", "तिकडं पेंढ्या पडल्या" असं सांगायचा, आणि ललिताबाई कंबरेत वाकून विळा चालवायची. भाऊसिंग यायचा मदतीला, पण त्यालाही त्याचं शेत होतं. मजूर मिळेनात, तांड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला निघालेली. पेंढ्या तिनंच डोक्यावरून ढिगापाशी वाहिल्या. येताना ओढा होताच, आणि ओढ्यात खांदा होताच.

आणि मी? मी खूश. त्याचा उजवा गुडघा दिवसेंदिवस ढेपाळत होता, तसतसा तो माझ्यावर जास्त रेलत होता. एवढं जवळ त्यानं मला कधीच धरलं नव्हतं. त्याच्या घामानं माझी मूठ काळी पडली. एकदा ओढा चढताना ललिताबाई मध्येच दगडावर बसली, लुगडं जरा वर करून गुडघा चोळायला लागली. मला वाटलं, नाटकं! आता हिलाही कौतुक पाहिजे. हेमसिंगनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काई नाई, मुंग्या आल्या." आणि उठली. त्याचं समाधान झालं. माझंही झालं.

दिवाळीच्या सुमाराला एक दिवस अंगणात उठता उठता त्याच्या गुडघ्यानं दगा दिला आणि तो सगळाच्या सगळा माझ्यावर आला. धावड्याचं लाकूड चिवट असतं, तरी माझ्या कमरेत उभी चीर गेली. कडाड असा आवाज झाला. भाऊसिंग धावत आला, चीर पाहिली, तार आणून घट्ट गुंडाळली आणि भावाला म्हणाला, "हे धावड्याचं लाकूड हाय, हे तडकलं. तू कशाचा हायेस?" हेमसिंग हसला नाही. त्याच्या कपाळावरचा घाम पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. मी ज्याला त्याची माया समजत होते, ते त्याचं दुखणं होतं. रोज वाढत गेलेलं दुखणं, आणि मी ते मुठीत घेऊन मिरवत होते. तरी पण, खरं सांगते, तो मला सोडून त्या चारपायीकडं गेला असता तर मी दुसऱ्यांदा तडकले असते.

शेवटी बोलावणं आलं. थंडी पडली होती. जीपनं शेलूबाजार, तिथून एसटीनं पुढं, लष्कराच्या मोठ्या दवाखान्यात. हेमसिंगनं इस्त्रीचा शर्ट घातला, बूट असे घासले की त्यात तोंड दिसावं. ललिताबाई सोबत होती. लांबलचक बाकडं, समोर दार, दाराला हिरवा पडदा. पडद्याच्या आड बोर्ड.

नाव पुकारलं. आणि मित्रांनो, तेव्हा या माणसानं काय केलं असेल? त्यानं मला भिंतीला टेकवून ठेवलं.

ललिताबाईचे डोळे मोठे झाले. "अहो, काठी!"

"अफसरासमोर काठी टेकत जात नसते."

"अहो पन पाय दाखवायलेच तं आलो ना आपन!"

त्यानं ऐकलं नाही. शर्ट खाली ओढला, हनुवटी वर केली, आणि टक टक टक, लंगडेपणाचा मागमूस न लागू देता आत गेला. बर्फात पडून परेडला उभा राहिला होता ना, तोच तो. ज्या दुखण्याची साक्ष द्यायला सहा महिने थांबला, तेच दुखणं दारात लपवून गेला. अंगात मुरलेली फौज अशी असते. आतून सावधानची टाच आपटल्याचा आवाज आला. त्या टाचेनं त्याच्या गुडघ्याचं काय झालं असेल ते मला भिंतीशी उभ्या उभ्या कळलं.

बाईमाणसाचा आवाज आला. डॉक्टर बाई होत्या. "चलने में तकलीफ है, हवालदार?"

"नहीं, मॅडम! फिट, मॅडम!"

बाकड्यावर ललिताबाईनं एकदा वर छताकडं बघितलं. मग ती उठली. तिनं मला उचललं. इतक्या वर्षांत तिनं मला मुठीत असं कधी धरलं नव्हतं. नुसतं इकडून तिकडं ठेवलं होतं, झाडताना. तिचा तळवा त्याच्यापेक्षा खरखरीत निघाला. शिपायानं "ओ बाई, ओ बाई" केलं, तोवर पडदा बाजूला झाला आणि मी डॉक्टर बाईंच्या टेबलावर धाडकन पडले.

"मॅडम, हे खोटं बोलून राह्यले."

"ललिता! बाहेर हो!" हेमसिंग सावधानमध्येच ओरडला.

"नाई होत. मॅडम, या मानसाले सकाळी उठून बसाले दोन मानसं लागते. दोन बी कुठली, मी एकटीच लागतो. अन् इथं येऊन फिट! मंग आमी घरी बसलो असतो ना, कायले आलो येवढ्या दूर?"

डॉक्टर बाई मराठी निघाल्या. त्यांनी चष्म्यातून आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या कमरेच्या तारेवर बोट फिरवलं. म्हणाल्या, "हवालदार, विश्राम. आता त्या भिंतीपर्यंत जा, वळा आणि परत या. काठी इथंच राहू दे."

तो गेला. जाताना छाती पुढं होती. भिंतीपाशी वळला आणि उजवा गुडघा मुडपला. मी टेबलावर. माझ्यापासून चार हातांवर माझा माणूस पडत होता आणि मला हलता येत नव्हतं. त्यानं डावा हात बाजूला लांब केला. न बघता. आणि हाताखाली खांदा आला. ती कधी तिथं पोचली ते डॉक्टर बाईंनाही दिसलं नाही.

मी जळून कोळसा झाले. भर बोर्डासमोर, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या परीक्षेत, पुन्हा तो खांदाच पुढं!

डॉक्टर बाई पेन उघडून तशाच बसल्या होत्या. "हे कधीपासून?"

"काय, मॅडम?"

"हा हात. असा खांद्यावर."

"हे फौजेतून आले तवापासून," ललिताबाई म्हणाली.

मग त्यांनी त्याला बसवलं, दोन्ही गुडघे तपासले, आधीचे नि आताचे एक्सरे शेजारी शेजारी लावले, डाव्याच्या जुन्या बोर्डाचा कागद वाचला, आणि पुष्कळ वेळ लिहीत राहिल्या. हेमसिंग मान खाली घालून बसला होता. त्याला लाज वाटत होती. पण या वेळी त्यानं फिट म्हटलं नाही. विचारलं तिथं दुखतं म्हणाला. मला वाटतं, माणूस खरं बोलायला शिकतो तेव्हा तो असाच, मार खाल्लेल्या पोरासारखा दिसतो.

सगळं झालं तशी ललिताबाई मला घ्यायला वाकली आणि तिच्या तोंडून "स्स" असा आवाज गेला. तिनं लगेच ओठ मिटले.

"तुमच्या गुडघ्याला काय झालंय?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"माह्या गुडघ्याले? काई नाई, मॅडम. मी कुठी लढाईले गेलती!"

"बसा."

बसली. त्यांनी स्वतः खाली वाकून तिचा गुडघा दाबला. मग दुसरा दाबला. बाई हसायचा प्रयत्न करत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "दवाखान्याच्या कार्डावर तुमचंही नाव आहे ना? इतक्या वर्षांत दाखवलं का नाही?"

"यायच्या गुडघ्याचं होऊ द्या म्हटलं आधी."

डॉक्टर बाईंनी हेमसिंगकडं नुसतं पाहिलं.  मला मात्र बोलायचं आहे, आणि मी बोलणार, कोणाला राग आला तरी. डाव्या गुडघ्याचा भार उजव्यावर गेला, म्हणून उजव्यासाठी बोर्ड बसला. बरं झालं, बसायलाच पाहिजे होता. पण उजव्याचा भार कोणावर गेला? मी मानत होते, माझ्यावर गेला. मला तर तार गुंडाळली, तेल लावलं, तपासायला टेबलावर घेतलं. जिच्यावर खरा गेला तिला कोणी बाकड्यावरून आतसुद्धा बोलावलं नव्हतं. आणि ती डोक्यावर टोपलं घेऊन ओढ्यात उभी होती, तेव्हा मी तिच्यावर जळत होते.

पुढचं पटकन सांगते, कारण त्यात मी फारशी नाही. बोर्डानंतर लगेच ऑपरेशन झालं. ते बोंडूक हाडात जाऊन बसलं. चारपायीचं प्लास्टिक निघालं आणि तो अंगणभर तोऱ्यात फिरला. थोडेच दिवस! मग त्यालाही माळ्यावर टाकला, तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. फौजेकडून कळलं की उजवा गुडघा डाव्यापायीच गेला हे त्यांना मान्य आहे. हेमसिंग चावडीवर गेला. काही दाखवलं नाही, वाचलं नाही, नुसता त्या तोंडांच्या समोरून सरळ चालत गेला आणि सरळ परत आला. कोणी हसलं नाही.

आणि मी? मला शेताच्या फाटकाला आडणा म्हणून लावलं. हो, आडणा. वासरं आत येऊ नयेत म्हणून दोन खांबांत आडवी. शेंबीपाशी उधई, म्हणजे वाळवी, लागायला सुरुवात झाली. दव पडायचं, तार गंजायला लागली. जिथं लावली तिथून ओढा मात्र समोर दिसायचा.

एक दिवस मी पाहिलं. हेमसिंग पुढं, झपाझप ओढा उतरला, दगडांवरून अलीकडं आला. जवानासारखा. मागं वळून म्हणाला, "चाल ना व!"

ललिताबाई पलीकडच्या काठावर उभी होती. डोक्यावर गवताचा भारा. ती पाऊल पुढं टाकायची आणि मागं घ्यायची. तिनं एक हात बाजूला लांब केला. नुसता, हवेत. त्या हाताखाली काही आलं नाही.

हेमसिंग बघत राहिला.  मग तो फाटकाशी आला, मला दोन खांबांतून उपसलं, उधई झटकली, शर्टाच्या टोकानं मूठ पुसली आणि ओढा ओलांडून परत गेला. आधी भारा तिच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर घेतला. मग मला तिच्यापुढं धरलं.

"मले कायले? मी काय लंगडी हो?"

"भाऊनं मले म्हटलं तेच म्हनतो. घे."

तिनं घेतलं. तो तिच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, जरा वाकून, खांदा तिच्या हाताला पुरेल असा. उतरता उतरता म्हणाला, "सोमवारी दवाखान्यात जाऊ. तुह्या गुडघ्याचा एक्सरे काढू."

"आता पेरनीचे दिवस आले. पेरनी होऊ द्या, मंग पाहू."

"नाई," हेमसिंग म्हणाला. "आधी गुडघा, मंग पेरनी."

मित्रांनो, या गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडं काहीतरी मागतो. मला तेल लावा, मला उन्हात टाकू नका असं मी मागणार नाही. माझं बघून घेते मी. तुम्ही फक्त आज घरी गेल्यावर एक करा. घरात जो लंगडतो त्याच्याकडं सगळे बघतातच. तुम्ही त्याच्या शेजारी बघा. तिथं कोण चालतं, कोणाचा खांदा असतो ते बघा आणि तिला विचारा, "तुझं काय दुखतं?" ती म्हणेल काही नाही. विश्वास ठेवू नका. पुन्हा विचारा.

मी आता ललिताबाईची काठी आहे. तिचा तळवा माझ्या मुठीवर बरा बसतो. ओढ्यात मात्र तिचा दुसरा हात त्याच्या खांद्यावर जातो, आणि उतरली की ती त्याच्याकडं बघून हसते.

माझ्याकडं बघून अजून कोणी हसत नाही. जळते मी. जळू द्या.